अमेरिकेच्या सीमाभागातील शेतकरी कुटुंबाचे स्थलांतर कागदपत्रांतून कसे शोधावे

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हजारो शेतकरी कुटुंबे ॲपलेशियन डोंगररांगा ओलांडून पश्चिमेकडे सरकत गेली. त्यांच्याविषयी वाचायला घेतले की बैल जुंपलेल्या गाड्या, ओंडक्यांची घरे आणि खांद्यावरच्या बंदुका आधी समोर येतात. या चित्रात खोटे फारसे नाही. पण एखादे विशिष्ट कुटुंब कुठून निघाले, कुठे टेकले आणि तिथूनही पुन्हा का उठले, हे त्यातून कळत नाही. ते जाणून घ्यायचे असेल तर गाडीचा माग सोडून जमिनीच्या कागदांचा माग धरावा लागतो, कारण या कुटुंबांचे बहुतेक मोठे निर्णय जमिनीच्या मालकीशी बांधलेले होते. इंडियाना, केंटकी किंवा इलिनॉयमध्ये राहणाऱ्या आणि आपल्या आजच्या गावाची जमीन पूर्वी कोणाची होती हे शोधू पाहणाऱ्या मराठी वाचकांना, तसेच या काळावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि अनुवादकांना सुरुवात करता यावी, यासाठी पुढील पायऱ्या दिल्या आहेत.

उदाहरण म्हणून राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या वडिलांचे, म्हणजे थॉमस लिंकन यांचे कुटुंब घेतले आहे. त्यांचे कागद शंभराहून अधिक वर्षे अनेकांनी तपासलेले असल्यामुळे नवख्या माणसाला आपला निष्कर्ष बरोबर आहे की नाही हे पडताळून पाहता येते. मुलाची कीर्ती मात्र काही काळ बाजूला ठेवावी. थॉमस हे सुतारकाम जाणणारे साधे शेतकरी होते आणि त्यांच्यासारखी माणसे त्या प्रदेशात गावोगावी होती.

पहिली पायरी: शेवटच्या मुक्कामापासून मागे जावे

नवखा माणूस बहुधा सर्वांत जुन्या पूर्वजापासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. शेवटच्या, खात्रीच्या ठिकाणापासून एकेक टप्पा मागे जाणे अधिक सुरक्षित असते. थॉमस लिंकन यांचे निधन 17 जानेवारी 1851 रोजी इलिनॉयमधील कोल्स काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा विभाग) झाले. तिथे ते 1831 मध्ये आले होते; त्याआधी एक हिवाळा त्याच राज्यातील मेकन काउंटीत गेला; त्याआधी 1816 पासून 1830 पर्यंत इंडियाना; त्याआधी केंटकी; आणि जन्म 1778 चा, व्हर्जिनियातला. अशी उलटी साखळी कागदावर मांडली की कोणता दुवा कच्चा आहे ते लगेच दिसते.

या कामात जनगणना उपयोगी पडते, पण तिची मर्यादा आधीच समजून घ्यावी. पहिली संघीय जनगणना 1790 ची. मात्र 1840 पर्यंतच्या सर्व जनगणनांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असते आणि बाकीची माणसे वयोगटांच्या रकान्यांत आकड्यांनी दाखवलेली असतात. घरातील प्रत्येक मुक्त व्यक्तीचे नाव, वय आणि जन्माचे राज्य 1850 पासून मिळू लागते, तर कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते 1880 पासून. म्हणून 1850 ची नोंद हाती लागली तर ती बिजागरीसारखी वापरावी: मुलांच्या जन्माची राज्ये वयानुसार मांडल्यास कुटुंबाने कोणत्या सुमारास राज्य बदलले याचा अंदाज येतो. 1890 ची जनगणना शोधण्यात वेळ घालवू नये. 1921 च्या आगीत आणि त्यानंतर ती जवळजवळ सगळी नष्ट झाली.

दुसरी पायरी: काउंटीची त्या काळची हद्द पाहावी

आजच्या नकाशावर गाव शोधून त्या काउंटीच्या कोर्टात चौकशी करणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. नव्या वस्तीत लोकसंख्या वाढली की काउंटीचे तुकडे पडत, आणि जुने कागद बहुधा मूळ काउंटीतच राहत. अब्राहम लिंकन यांचे जन्मस्थान आज केंटकीच्या लारू काउंटीत आहे. पण ती काउंटी 1843 मध्ये निर्माण झाली, म्हणून 1809 चे कागद हार्डिन काउंटीत शोधावे लागतात. इंडियानातील त्यांची जमीन आज स्पेन्सर काउंटीत आहे, जी 1818 मध्ये झाली. कुटुंब आले तेव्हा तो भाग पेरी काउंटीत होता. म्हणजे घर जागच्या जागी असताना पत्ता मात्र बदलला, आणि केवळ नोंदी पाहणाऱ्याला ते आणखी एक स्थलांतर वाटू शकते.

चुकीच्या काउंटीत शोध घेतल्याने काय होते, याचा याच कुटुंबात एक बोलका पुरावा आहे. थॉमस आणि अब्राहम यांच्या आई नॅन्सी हँक्स यांच्या विवाहाची नोंद हार्डिन काउंटीत सापडेना, तेव्हा विवाह झालाच नसावा अशी कुजबुज राष्ट्राध्यक्षांच्या राजकीय विरोधकांपर्यंत पोचली. प्रत्यक्षात विवाह 12 जून 1806 रोजी शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत, जेसी हेड नावाच्या मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या हस्ते झाला होता, आणि त्याचे कागद तिथल्या कार्यालयात व्यवस्थित पडून होते. ते उजेडात आले तेव्हा अब्राहम लिंकन यांच्या निधनाला दहाहून अधिक वर्षे लोटली होती. त्या काळी विवाह सहसा वधूच्या नात्यागोत्याच्या ठिकाणी होत असे. नवऱ्याच्या काउंटीत नोंद नसेल तर आधी तिकडे पाहावे.

नावाच्या लेखनाबाबतही उदार राहावे. कारकून कानावर पडेल तसे लिहीत, त्यामुळे लिंकनचे ‘लिंकहॉर्न’ झालेले अनेक कागदांत आढळते. यादीत एकच स्पेलिंग शोधून थांबल्यास अर्धे कुटुंब हातातून निसटते.

तिसरी पायरी: जमीन कोणत्या पद्धतीने मोजली होती ते ओळखावे

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण ओहायो नदीच्या दक्षिणेला आणि उत्तरेला जमिनीच्या दोन अगदी निराळ्या व्यवस्था होत्या, आणि लिंकन कुटुंबाने नदी का ओलांडली याचे अर्धे उत्तर त्या फरकात आहे.

केंटकी 1792 पर्यंत व्हर्जिनियाचा भाग होता आणि तिथे व्हर्जिनियाची पद्धत चालत असे. एखाद्याने ठरावीक एकरांचे वॉरंट, म्हणजे तितकी जमीन घेण्याचे सरकारी अधिकारपत्र, विकत घ्यायचे, मग मनाजोगती रिकामी जागा शोधायची, तिच्यावर हक्क नोंदवायचा, सर्व्हेयरकडून मोजणी करून घ्यायची आणि शेवटी सरकारी मालकीपत्र मिळवायचे, असा तो क्रम होता. थॉमस यांचे वडील, ज्यांचे नावही अब्राहमच होते, त्यांनी 1780 मध्ये शेनान्डोआ खोऱ्यातील लिनव्हिल क्रीकची जमीन विकून अशीच वॉरंटे घेतली आणि पुढच्या एकदोन वर्षांत ते केंटकीत आले. अडचण अशी होती की सीमा झाडे, ओढे आणि दगड यांच्या आधारे लिहिलेल्या असत: अमुक पांढऱ्या ओकपासून इतके पोल (साडेसोळा फुटांचे जुने माप) पूर्वेला, तिथून ओढ्याकाठच्या बीच झाडापर्यंत, अशा प्रकारे. झाड वठले की कोपरा हरवे. शिवाय आधीच्या दाव्यांचा एकत्रित नकाशा कोणाकडे नसल्यामुळे एकाच जमिनीवर दोन-तीन दावे कौलांसारखे एकमेकांवर चढत. दाम मोजून, घर बांधून, वर्षानुवर्षे कसलेली जमीन दूरच्या एखाद्या जुन्या दावेदाराच्या वारसांनी कोर्टातून सोडवून घेतल्याची उदाहरणे केंटकीत असंख्य आहेत.

थॉमस यांना तीन शेतांवर तीन प्रकारे हे भोगावे लागले. 1803 मध्ये त्यांनी मिल क्रीकवरील 238 एकर जमीन 118 पौंडांना घेतली. मोजणीतील चुकीमुळे 38 एकर गेले आणि 1814 मध्ये उरलेले 200 एकर त्यांनी 100 पौंडांना विकले. डिसेंबर 1808 मध्ये सिंकिंग स्प्रिंग येथील शेत 200 डॉलर रोख देऊन घेतले. याच शेतावर पुढच्या फेब्रुवारीत अब्राहम यांचा जन्म झाला. पण आधीच्या व्यवहारातील थकलेल्या रकमेवरून त्या जमिनीवर दावा दाखल झाला. म्हणून कुटुंब 1811 मध्ये नॉब क्रीकवर गेले, तर तिथे 1815 मध्ये थॉमस मिडलटन या जुन्या दावेदाराच्या वारसांनी त्यांना आणि नऊ शेजाऱ्यांना जमिनीवरून काढण्यासाठी खटला भरला. हा खटला पुढे 1818 मध्ये थॉमस यांच्या बाजूने लागला, पण तोवर ते राज्य सोडून गेले होते. खटला जिंकलेला माणूस खटल्याला कंटाळून निघून गेला, हे निकालपत्र एकटेच वाचले तर कधीच लक्षात येणार नाही.

ओहायो नदीच्या उत्तरेला 1785 च्या कायद्याने आखणी आधी आणि विक्री नंतर असा नियम घातला. जमीन सहा मैल बाजूच्या चौरसांत, म्हणजे टाउनशिपमध्ये विभागली जाई; प्रत्येक टाउनशिपचे 36 सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल, म्हणजे 640 एकर; आणि सोळावा सेक्शन शाळेसाठी राखीव. मोजणी 66 फुटी गंटर साखळीने होत असे. मराठी वाचकाला हे माप परके वाटू नये: आपला गुंठा 33 फूट बाजूचा चौरस आहे, म्हणजे बरोबर अर्ध्या गंटर साखळीचा, आणि म्हणूनच 40 गुंठ्यांचा एकर होतो.

या पद्धतीत जमिनीचे वर्णन सातबाऱ्यावरील गट क्रमांकाइतके नेमके असते. थॉमस लिंकन यांच्या इंडियानातील जमिनीचे वर्णन असे आहे: सेक्शन 32 चा नैर्ऋत्य पाव भाग, टाउनशिप 4 दक्षिण, रेंज 5 पश्चिम. हे वाचताना उजवीकडून, म्हणजे मोठ्या घटकाकडून सुरुवात करावी. रेंज म्हणजे चौरसांची उभी रांग आणि इथे टाउनशिप क्रमांक म्हणजे आडवी रांग, दोन्ही ठरलेल्या मूळ रेषांपासून मोजलेल्या; त्यांनी सहा मैलांचा चौरस ठरतो. त्यातील सेक्शनचे क्रमांक ईशान्य कोपऱ्यापासून पश्चिमेकडे एक ते सहा, मग खालच्या ओळीत पूर्वेकडे सात ते बारा, असे नागमोडी जातात. त्यामुळे 32 हा सर्वांत खालच्या ओळीत पश्चिमेकडून दुसरा येतो. त्याचा नैर्ऋत्य पाव भाग म्हणजे 160 एकर.

ही दोन व्यवस्थांची सीमा संकेतस्थळांवरही पाळावी लागते. अमेरिकी सरकारच्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जनरल लँड ऑफिस संग्रहात इंडियाना, इलिनॉय, ओहायोतील बहुतांश भाग अशा संघीय जमिनीची मूळ मालकीपत्रे नावाने किंवा जमिनीच्या वर्णनाने विनामूल्य पाहता येतात. केंटकी, व्हर्जिनिया, टेनेसी किंवा पेनसिल्व्हेनियाचे नाव मात्र तिथे शोधू नये, कारण त्या जमिनी संघराज्याने विकलेल्याच नव्हत्या. केंटकीसाठी त्या राज्याच्या सचिव कार्यालयातील लँड ऑफिस आणि व्हर्जिनियासाठी रिचमंड येथील लायब्ररी ऑफ व्हर्जिनिया यांचे संग्रह पाहावेत.

चौथी पायरी: त्या वर्षीचा जमीन कायदा शेजारी ठेवून रकमा वाचाव्यात

सरकारी जमिनीचा दर आणि किमान क्षेत्र वारंवार बदलत होते. 1800 च्या कायद्याने किमान 320 एकर, एकरी दोन डॉलर आणि चार वर्षांची उधारी ठेवली. 1804 मध्ये किमान क्षेत्र 160 एकरांवर आले. 1820 मध्ये उधारी बंद होऊन एकरी सव्वा डॉलर रोख आणि किमान 80 एकर असे ठरले. 1832 मध्ये 40 एकरही घेता येऊ लागले. कसणाऱ्याला 160 एकर जवळजवळ फुकट देणारा होमस्टेड कायदा 1862 चा आहे. लिंकन कुटुंबाच्या काळात तो नव्हता, आणि ‘सरकारने फुकट जमीन दिली’ असे त्यांच्याविषयी लिहिलेले आढळल्यास ते बाजूला सारावे.

आता थॉमस यांची नोंद पाहावी. ऑक्टोबर 1817 मध्ये त्यांनी व्हिन्सेन्स येथील लँड ऑफिसात 16 डॉलर भरले आणि डिसेंबरमध्ये 64. एकूण 80 डॉलर. 160 एकरांच्या 320 डॉलर किमतीचा हा बरोबर चौथा हिस्सा, म्हणजे कायद्याने मागितलेला पहिला हप्ता. उरलेली रक्कम चार वर्षांत जमली नाही. 1819 च्या आर्थिक संकटाने पश्चिमेकडील असंख्य शेतकरी याच अवस्थेत आले, तेव्हा 1821 च्या सवलत कायद्याने काही जमीन सरकारला परत करून भरलेली रक्कम उरलेल्या भागाला लावून घेण्याची मुभा दिली. थॉमस यांनी पुढे याच प्रकारच्या सवलतीचा आधार घेऊन पूर्वेकडचे 80 एकर सोडले आणि पश्चिमेकडील 80 एकरांचे मालकीपत्र त्यांना जून 1827 मध्ये मिळाले. त्यांच्या मुलाच्या चरित्रांत थॉमस यांना आळशी ठरवण्याची एक जुनी सवय आहे. ती लागलेल्या वाचकाने हे हप्ते एकदा कायद्याशी जुळवून पाहावेत. केंटकीत तीनदा फसलेला माणूस इंडियानात निर्वेध मालकीसाठी दहा वर्षे थांबला, असे हे कागद सांगतात.

पाचवी पायरी: कोर्ट, कर आणि चर्च यांच्या नोंदी जोडाव्यात

कराच्या याद्या दरवर्षी होत, त्यामुळे दोन जनगणनांमधील दहा वर्षांची पोकळी त्या भरून काढतात. नाव यादीतून अचानक नाहीसे झाले तर स्थलांतर, मृत्यू किंवा काउंटीचे विभाजन या तिन्ही शक्यता तपासाव्यात. या याद्यांतून शेजाराचे स्वरूपही कळते: हार्डिन काउंटीच्या 1811 च्या यादीत 1,007 गुलाम आणि सोळा वर्षांवरील 1,627 गोरे पुरुष आहेत. ज्या लहान शेतकऱ्याकडे गुलाम नव्हते त्याला कोणत्या स्पर्धेत शेती आणि सुतारकाम करावे लागत होते, हे या दोन आकड्यांवरून समजते.

मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्या वाचायला विसरू नये. थॉमस यांच्या वडिलांना मे 1786 मध्ये शेतात काम करीत असताना मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मृत्यू आला. त्यांच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंच्या यादीत घोडे, गायी, नांगराचे लोखंड, भांडी आणि बंदुका आहेत. सीमाभागातील घर कशावर चालत होते याचा इतका प्रामाणिक तपशील कोणत्याही आठवणीत मिळत नाही. ज्येष्ठ पुत्रालाच जमीन देणारा व्हर्जिनियाचा जुना वारसा कायदा 1 जानेवारी 1787 पासून रद्द व्हायचा होता. मृत्यू त्याआधी काही महिने झाल्यामुळे जमीन थोरल्या मॉर्डेकाई यांच्याकडे गेली आणि आठेक वर्षांच्या थॉमस यांना पुढे मजुरीवर मोठे व्हावे लागले.

स्त्रियांचा माग अवघड असतो, कारण जमीन बहुधा पुरुषांच्या नावावर असे. तरीही विक्रीच्या दस्तात पत्नीने आपला हक्क सोडल्याची स्वतंत्र नोंद असते, आणि अनेकदा तिचे नाव तेवढ्याच एका ठिकाणी मिळते. बॅप्टिस्ट चर्चच्या वह्याही पाहाव्यात, कारण गाव सोडणारा सभासद जुन्या चर्चचे पत्र घेऊन नव्या चर्चमध्ये दाखल होत असे. थॉमस लिंकन 1823 मध्ये लिटल पिजन चर्चमध्ये अशाच पत्राने दाखल झाले.

सहावी पायरी: निघण्याची कारणे तोलून लिहावीत

एकच कारण शोधण्याचा मोह आवरावा. अब्राहम लिंकन यांनी 1860 मध्ये लिहिलेल्या आत्मचरित्रपर टिपणात केंटकी सोडण्याचे कारण अंशतः गुलामगिरी, पण मुख्यतः जमिनीच्या मालकीहक्काच्या अडचणी असे दिले आहे. निवडणुकीच्या वर्षी गुलामगिरीला पहिले स्थान देणे सोयीचे असतानाही त्यांनी ते दिले नाही, म्हणून या विधानाला वजन आहे. आणि तिसऱ्या पायरीतील कागद त्याला दुजोरा देतात.

1830 च्या स्थलांतराची कारणे वेगळी आहेत. इंडियानात 5 ऑक्टोबर 1818 रोजी नॅन्सी यांचा मृत्यू ‘मिल्क सिकनेस’ने झाला. व्हाइट स्नेकरूट नावाची रानवनस्पती गायींनी खाल्ली की तिचे विष दुधात उतरते; जंगल तोडून केलेल्या नव्या वस्त्यांत, जिथे जनावरे रानात मोकळी चरत, हा आजार उन्हाळ्याच्या अखेरीस पसरे. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये थॉमस यांनी केंटकीत जाऊन सारा बुश जॉन्स्टन या तीन मुले असलेल्या विधवेशी विवाह केला. दहा वर्षांनी त्या आजाराची पुन्हा आवई उठली, आणि आधीच इलिनॉयला गेलेल्या जॉन हँक्स या नॅन्सी यांच्या नातेवाइकाकडून तिथल्या चांगल्या जमिनीचे वर्णन आले. थॉमस यांनी जमीन 125 डॉलरना विकली आणि मार्च 1830 मध्ये 13 जण बैलगाड्यांतून निघाले. नातेवाईक आधी, कुटुंब नंतर, हा क्रम जवळजवळ प्रत्येक सीमाभागातील कुटुंबात दिसतो. म्हणून शोध घेताना एकाच आडनावावर न थांबता मेहुणे, सावत्र मुले आणि शेजारी यांचीही नावे सोबत शोधावीत.

सातवी पायरी: त्या जमिनीचे आधीचे मालक नोंदवावेत

सरकारी लँड ऑफिसने विकलेला प्रत्येक तुकडा त्याआधी एखाद्या करारान्वये मूळ रहिवाशांकडून घेतलेला होता, आणि तो करार शोधल्याशिवाय मालकीची साखळी पूर्ण होत नाही. दक्षिण इंडियानाचा हा पट्टा 1804 च्या व्हिन्सेन्स करारांनी डेलावेअर आणि पियांकेशॉ लोकांकडून घेतला गेला. त्यांच्यावर केवढे दडपण होते हे करारांच्या मजकुरातून दिसत नाही. त्यासाठी प्रदेशाचे गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन यांचा त्या काळचा पत्रव्यवहार वाचावा. थॉमस यांच्या वडिलांचा मृत्यू आणि हे करार एकाच टिपणात शेजारी ठेवावेत.

आठवी पायरी: शेत डोळ्यांनी पाहून यावे

इंडियानात लिंकन सिटी येथील राष्ट्रीय स्मारकात त्या काळच्या पद्धतीचे शेत उभे केले आहे. झाडाच्या बुंध्याभोवती सालीचा पट्टा काढून ते उभेच वाळवणे, मधल्या जागेत मका लावणे, डुकरांच्या कानांना खाचांची खूण करून त्यांना ओकच्या फळांवर रानात सोडणे, ही कामे कळली की 160 एकरांतील फारच थोडी जमीन प्रत्यक्ष नांगराखाली का येत असे, ते उमगते. केंटकीत हॉजेनव्हिल येथील स्मारकातील ओंडक्यांचे घर मात्र मूळचे नाही, प्रतीकात्मक आहे, आणि तिथला फलकही तसे सांगतो.

परत आल्यावर टिपणात प्रत्येक टप्प्यासाठी तारीख, त्या काळची काउंटी, जमिनीचे वर्णन, भरलेली रक्कम आणि कागद कुठे पाहिला ते लिहावे. कौटुंबिक आठवण आणि दस्त यांसाठी वेगवेगळी शाई वापरावी. आठवणीच्या शाईत लिहिलेले वाक्य दस्त सापडेपर्यंत दुसऱ्या शाईत नेऊ नये.